बास गिटार, मोजके पैसे आणि बदलीची नोकरी

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्याकडे बास गिटारसाठी मोजके पैसे आहेत त्याने त्यातले निम्म्याहून जास्त पैसे गिटारवर घालू नयेत. ॲम्प आणि तारा यांना उरलासुरला खर्च समजू नये. आणि इफेक्ट्सच्या डब्यांवर पहिली दोन वर्षं एक रुपयाही घालू नये. दुकानदाराला हे पटणार नाही. युनिटच्या खरेदी बोर्डालाही सहसा पटत नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या बदल्यांत मी जेवढ्या मुक्या पडलेल्या बास गिटारी पाहिल्या, त्या बहुतेक याच हिशेबापायी मुक्या झालेल्या होत्या.

फौजी माणसाला बास गिटारशी काय देणंघेणं, असं काही जणांना वाटेल. पण ज्यांनी युनिटमध्ये दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे की पाइप बँड आणि ब्रास बँडच्या जोडीला बऱ्याच ठिकाणी एक ‘जॅझ बँड’ असतो. नाव जॅझ, वाजवतात हिंदी सिनेमाची गाणी. बडाखाना, रेझिंग डे, एखाद्या साहेबांचा निरोप समारंभ, सगळीकडे तोच उभा राहतो. त्यात पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये रीतसर शिकून आलेला एखादा बँड्समन असतो, आणि बाकीचे मिझोराम, नागालँड, मणिपूर, मेघालयचे जवान असतात, जे लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेले असतात. दुसरीकडे आपले निवृत्त मित्र आहेत. कुणाला पंचावन्नाव्या वर्षी काहीतरी शिकायचं आहे, कुणाचा मुलगा पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये शिरला आहे. दोन्हीकडून प्रश्न एकच येतो: “कोणती गिटार घेऊ?” माझं म्हणणं असं की प्रश्नच अर्धा आहे.

बासचं काम काय, हे आधी दोन वाक्यांत. तबल्याचा ठेका आणि तानपुऱ्याचा खर्ज यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे बास बसतो. तो नीट वाजला तर ऐकणाऱ्याचं त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण बंद पडला की गाण्याखालची जमीन गेल्यासारखं वाटतं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ, इळैयराजांच्या गाण्यांतल्या बासच्या ओळी, रहमान यांच्याबरोबर वाजवणारे कीथ पीटर्स, हे सगळं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत, फक्त त्याला बास म्हणतात हे माहीत नव्हतं. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार ई सुराची, सुमारे ४१ हर्ट्झ. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खर्च त्याच्यावरच ठरतो.

आता हिशेब. समजा ४०,००० रुपये आहेत. माझी वाटणी अशी: गिटारला १८ ते २० हजार, ॲम्पला १३ ते १४ हजार, नव्या तारा आणि सेटअप मिळून ४ हजार, आणि उरलेल्यात चांगला पट्टा, एक दणकट केबल, क्लिपवाला ट्यूनर आणि पिशवी. इफेक्ट्स शून्य. रक्कम कमी असेल तर आकडे लहान करा, वाटणी तीच ठेवा.

दुकानात काय होतं? ३२ हजारांची गिटार, ६ हजारांचा ॲम्प, उरलेल्या पैशांत एखादा पेडल. तारा? “साहेब, गिटारला लागलेल्याच आहेत की.” हो, आहेत. कारखान्यातून निघाल्यापासून लागलेल्या आहेत.

आधी गिटार. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास बाजारात आणला. ३४ इंची तार, लाकडी ठोकळा, स्क्रूने जोडलेला नेक. आजही बहुतेक बास याच आराखड्यावर बनतात. वीस हजारांच्या आसपासच्या गिटारी आता इंडोनेशिया आणि चीनच्या कारखान्यांतून येतात आणि खरं सांगायचं तर चांगल्या असतात. यामाहाची टीआरबीएक्स १७४, स्क्वायरची प्रिसिजन, कॉर्ट किंवा आयबानेझची सुरुवातीची मॉडेल्स, यांतल्या कुठल्याही एकीवर माणूस दहा वर्षं काढू शकतो. या किमतीत ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. हातातली ती एक गिटार सरळ आहे का, एवढंच पाहायचं. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून वाजवा. कुठे खरखरते, कुठे सूर मरतो, हे पाच मिनिटांत कळतं. मुंबईत धोबी तलावच्या दुकानांत किंवा कोलकात्याला रवींद्र सरणीवर जाता आलं तर दोन-तीन नग हातात घेऊन पाहा. ऑनलाइन मागवलीत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तपासणी करा.

आपल्या नोकरीच्या दृष्टीने दोन गोष्टी मात्र मी आग्रहाने सांगेन.

पहिली, पॅसिव्ह बास घ्या. ॲक्टिव्ह बासच्या आत छोटा प्रीॲम्प असतो आणि त्याला ९ व्होल्टची बॅटरी लागते. शहरात काही अडचण नाही. पण उंचावरच्या ठाण्यावर थंडीत बॅटरीचा दम लवकर जातो आणि खालच्या बाजारात ती चौकोनी बॅटरी मिळेलच असं नाही. बऱ्याच ॲक्टिव्ह गिटारी बॅटरी संपली की पूर्ण गप्प होतात. पॅसिव्ह बासला काहीच लागत नाही. जे मोडायला जागाच नाही ते मोडत नाही, हे फौजीला वेगळं सांगायला नको.

दुसरी, नेक बोल्टचा असावा, म्हणजे चार स्क्रूंनी बसवलेला. बदलीच्या वेळी तारा सैल करून नेक वेगळा काढता येतो आणि बिस्तरबंदात किंवा काळ्या ट्रंकेत ब्लँकेटच्या घडीत सुखरूप जातो. अख्खी बास गिटार सुमारे पावणेचार फूट लांब असते आणि मालडब्यात तिचं डोकं कुठे आपटेल ते सांगता येत नाही.

आता सेटअप, ज्यावर लोक सगळ्यात कमी खर्च करतात. चार तारांचा नेकवरचा एकूण ताण ७० ते ८० किलोच्या घरात असतो. त्या ताणाला तोलण्यासाठी नेकच्या आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. बिकानेरच्या कोरड्या हवेत नीट वाजणारी गिटार जुलैत तेजपूरला पोचली की नेकचा बाक बदलतो, तारा वर जातात आणि बोटं दुखायला लागतात. तीच गिटार लेहला नेऊन बुखारीशेजारी उभी केली तर लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने बोचू लागतात. मग वाजवणाऱ्याला वाटतं गिटार खराब निघाली. गिटार खराब नसते, हवा बदललेली असते.

यावर उपाय स्वस्त आहे. तारेला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं, एवढी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि मग थोडं थांबून पुन्हा पाहायचं. पहिल्यांदा जाणकाराकडून करून घ्या आणि शेजारी बसून शिका. पुढच्या प्रत्येक पोस्टिंगवर आपल्याला स्वतःलाच करायचं आहे, कारण दीडशे किलोमीटरच्या परिघात गिटार दुरुस्त करणारा असेलच असं नाही. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. गिटार बुखारी, हीटर, एसी आणि बाहेरची भिंत यांपासून लांब ठेवा.

तारा. बासच्या तारांचा संच सहा तारी गिटारच्या संचाच्या कित्येक पट महाग असतो, म्हणून लोक तो बदलायचं टाळतात. साधारण दोन जाती ध्यानात ठेवा. राउंडवाउंड तारा गोल तारेने गुंडाळलेल्या, आवाज खणखणीत, पण घाम आणि मळ त्यांच्या खाचांत बसतो आणि दमट हवेत दोन-तीन महिन्यांत त्या मंदावतात. फ्लॅटवाउंड तारा चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, आवाज गोल आणि दबका, किंमत जास्त, पण वर्षानुवर्षं टिकतात. जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्याने आणि वर्षातून एकदाच शहरात जाणाऱ्याने फ्लॅटवाउंडचा जरूर विचार करावा. पहिल्या वर्षी महाग, चार वर्षांच्या हिशेबात स्वस्त.

राउंडवाउंडच घ्यायच्या असतील तर ०.०४५ ते ०.१०० इंचांचा निकेलचा संच सुरुवातीला ठीक. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने प्रत्येक तार पुसायची, रायफल साफ केल्याशिवाय कोतमध्ये जमा करत नाही तसंच. मंदावलेल्या तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण कोरड्या करून लावल्या तर काही दिवस पुन्हा बोलतात. कुकहाउसचं भांडं मात्र विचारून घ्या.

आता ॲम्प, आणि इथेच माझा खरा वाद आहे.

एका युनिटमध्ये जॅझ बँडसाठी रेजिमेंटल फंडातून खरेदी झाली. पाच तारांची चकचकीत ॲक्टिव्ह बास, सोबत दिव्यांचा मल्टी-इफेक्ट. पैसे संपले, तेव्हा ॲम्प “नंतर बघू” म्हणून राहिला. बडाखान्याच्या संध्याकाळी बासची केबल सरळ भाषणाच्या साउंड सिस्टिमच्या माइकच्या भोकात खुपसली. पुढे लांब तोंडाचे भोंगे. आवाज आला तो डबड्यात माशी अडकावी तसा. बास वाजवणारा मिझोरामचा एक नाईक होता, चौदाव्या वर्षापासून चर्चमध्ये वाजवणारा. समारंभानंतर कुणीतरी निकाल दिला की याला काही येत नाही, आणि पुढच्या कार्यक्रमाला बासशिवायच बँड उभा राहिला. मी त्याला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “साब, गिटार तो बढ़िया है। आवाज़ का रास्ता नहीं है।”

त्याच्या या वाक्यात अख्खं विज्ञान आहे. पॅसिव्ह बासच्या पिकअपला समोरून सुमारे १० लाख ओहमचा अडथळा हवा असतो. माइकचं भोक देतं काही हजार ओहमचा, म्हणून आवाज तिथेच पातळ होतो. आणि प्रीॲम्प असलेली ॲक्टिव्ह बास त्या भोकाला इतका जोरकस सिग्नल देते की तो फाटतो. भोंगा माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, ४१ हर्ट्झ त्याच्या बापजन्मी निघणार नाहीत. नंतर एक जुना बासचा ॲम्प मिळाला, १५ इंची स्पीकरवाला. दिव्यांचा डबा काढून टाकला. तोच माणूस, तीच गिटार. लंगरच्या ताटल्या थरथरल्या, आणि निकाल देणारेच ठेका धरून बसले. पण मधले आठ महिने तो माणूस वाजवत नव्हता, त्याचा हिशेब कुठल्या लेजरमध्ये येत नाही.

ॲम्प घेताना या गोष्टी पाहा. एकट्याने सराव करायचा असेल तर २० ते ४० वॉट आणि ८ ते १० इंची स्पीकर पुरे. एवढ्याशा स्पीकरमधून खालचा मूळ सूर नीट निघत नाही, त्याच्या वरचे उपसूर ऐकू येतात आणि बाकीचं कान भरून काढतो. सरावाला तेवढं चालतं. ड्रमसोबत वाजवायचं असेल तर १०० वॉट किंवा जास्त आणि १२ किंवा १५ इंची स्पीकर. वॉटच्या आकड्याला फसू नका. २० चे ४० वॉट केले तर फरक फक्त ३ डेसिबलचा, कानाला जेमतेम जाणवणारा. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून थोड्याशा वॉटसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा मोठ्या स्पीकरला द्या. सहा तारी गिटारच्या ॲम्पवर बास जोरात वाजवू नका, त्याच्या स्पीकरचा कागद एवढा मागे-पुढे हलायला बनवलेला नसतो आणि फाटतो.

मोठा ॲम्प परवडत नसेल आणि युनिटकडे किंवा सोसायटीकडे चांगले बॉक्स स्पीकर व मिक्सर असेल, तर डीआय बॉक्स घ्या. तळहाताएवढी डबी. बासचा सिग्नल मिक्सरला समजेल असा करून देते आणि लांब केबलवर गुणगुण येऊ देत नाही. या सगळ्या बाजारात पैशाचं सगळ्यात जास्त मोल देणारी वस्तू हीच.

आणि एक गोष्ट पैशांपलीकडची: अर्थिंग. बासच्या तारा आतून ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. जनरेटरवर, तंबूत, तिसरी पिन मोडलेल्या एक्स्टेन्शनवर वाजवताना हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की दोन्हींमधला विजेचा फरक माणसातून जातो. हे फक्त झिणझिण्यांवर थांबेल याची खात्री नसते. कार्यक्रमापूर्वी युनिटच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून अर्थिंग पाहून घ्या. सगळी साधनं एकाच अर्थ केलेल्या बोर्डावर जोडा. यात काटकसर नको.

शेवटी इफेक्ट्स. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांवर जेम्स जेमर्सन यांनी बास वाजवला. १९६२ ची एक प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा ज्या ते सहसा बदलत नसत, उजव्या हाताचं बहुतांशी एकच बोट, आणि केबल थेट रेकॉर्डिंगच्या टेबलात. इफेक्ट काही नाही. आपल्याला जेमर्सन व्हायचं नाही, पण आवाज कुठून येतो एवढं त्यावरून कळतं. नवशिक्याच्या हातात कंप्रेसर दिला की तो बोटांचा कमी-जास्त जोर झाकतो, आणि जे झाकलं जातं ते सुधारत नाही.

याला एक अपवाद मी मान्य करतो. बॅरेकमध्ये किंवा दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला रात्री ॲम्प लावता येत नाही. त्याने ॲम्पऐवजी हेडफोन लागणारा आणि आत तालाचे ठेके असलेला छोटा मल्टी-इफेक्ट घ्यावा. झूमचा बी-वन फोर असाच आहे आणि तो चार पेन्सिल सेलवरही चालतो. त्यातले इफेक्ट्स बंद ठेवून ठेका लावायचा आणि वाजवायचं. हा खर्च ॲम्पच्या खात्यातला समजावा.

आपल्याकडे एक सूत्र फार ऐकवलं जातं: एकदाच घ्या, उत्तमच घ्या. बुटांच्या बाबतीत खरं आहे. बासच्या बाबतीत ते अर्धवट लागू पडतं, कारण इथे एक वस्तू उत्तम असून भागत नाही, साखळी लागते. बोट, तार, नेक, केबल, ॲम्प, स्पीकर. त्यातला सगळ्यात हलका दुवा जेवढा, तेवढाच आवाज. पन्नास हजारांची गिटार आणि पाच हजारांचा ॲम्प मिळून आवाज पाच हजारांचाच येतो. पाच तारांची गिटारही याच लोभातली. खालची बी तार ३१ हर्ट्झची. तुमचा स्पीकर ४१ काढू शकत नाही तर ३१ कुठून काढणार?

जुना माल घ्यायला लाजू नका. बदल्यांच्या मोसमात छावण्यांच्या गावांत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास बास गिटारी आणि ॲम्प अर्ध्या किमतीत सुटतात. नेक सरळ आहे, ट्रस रॉड फिरतो आहे, नॉब फिरवताना करकर नाही, एवढं पाहिलं की पुरे. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी ३० इंची शॉर्ट स्केल बास पाहावा, लहान हातांना तो झेपतो. फोनवरच्या ट्यूनरला ई तारेचा खालचा सूर नीट ऐकू येत नसेल तर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून वरचा सूर काढा आणि त्यावर जुळवा.

युनिटच्या खरेदीबद्दल एकच सांगणं उरतं. रेजिमेंटल फंडातला पैसा बऱ्याच अंशी जवानाच्याच खिशातून, कँटीनच्या वाटेने आलेला असतो. मग बोर्डात जो कोणी बसेल त्याने कॅटलॉग उघडण्याआधी बँडमधल्या बास वाजवणाऱ्याला बोलवावं, तो लान्स नाईक असला तरी, आणि खुर्ची देऊन विचारावं की आवाजाचा रस्ता कुठे अडतो आहे. तो जे सांगेल ते चकचकीत नसेल, बहुधा एखादा ॲम्प, एक डीआय बॉक्स आणि तारांचे दोन संच असतील. तेच घ्यावं. त्याची बदली झाली की पुढच्या वाजवणाऱ्याला पुन्हा विचारावं.